चीनचे पाच स्वायत्त प्रदेश: जमीन किती, माणसं किती आणि नाव कुणाचं

प्रश्न विचारणाऱ्याची अडचण अशी आहे: "चीनचे पाच स्वायत्त प्रदेश, त्यांच्या राजधान्या, क्षेत्रफळ आणि लोकसंख्या हा तक्ता चार वेळा पाठ केला आणि चार वेळा विसरलो. दोन पुस्तकांत आकडे जुळत नाहीत. तिबेट म्हणजे नेमका कुठवरचा भाग? ग्वांग्शीला झुआंग लोकांचं नाव आहे, तरी तिथे झुआंग अल्पसंख्य कसे? आणि हाँगकाँग यात धरायचं की नाही?"

मी गेली बावीस वर्षं स्पर्धा परीक्षांच्या मुलांना भूगोल शिकवतोय. दरवर्षी हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, आणि विचारणारा बहुतेक वेळा अभ्यासू असतो. त्यामुळे आधी एक सांगतो, तुमच्या स्मरणशक्तीत काही खोट नाही. त्या तक्त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एका ओळीत कोंबलेल्या असतात: जमीन किती आहे, तिच्यावर राहतं कोण, आणि तिला नाव कुणाचं दिलंय. प्रत्येक प्रदेशात या तीन गोष्टींचं एकमेकींशी नातं निराळं आहे. ते नातं कळेपर्यंत आकडे सुटे राहतात, आणि सुटे आकडे डोक्यात टिकत नाहीत.

किती खोलात जायचं हे मात्र तुमच्या परीक्षेवर अवलंबून आहे. पूर्वपरीक्षेपुरतं हवं असेल तर नाव, राजधानी, नकाशातली जागा आणि क्षेत्रफळ-लोकसंख्येचा उतरता क्रम एवढ्यावर भागतं. मुख्य परीक्षा किंवा मुलाखत असेल तर 'स्वायत्त' या शब्दाचा प्रत्यक्षातला अर्थही माहीत हवा. मी दोन्ही गृहीत धरून लिहितो.

वर्गात मी सुरुवात एका बेरजेने करतो. २०२० च्या जनगणनेनुसार या पाच प्रदेशांत मिळून साधारण ११ कोटी ९ लाख लोक राहतात. आपल्या महाराष्ट्राची २०११ ची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, म्हणजे जवळजवळ तेवढीच. आता जमीन पाहा. महाराष्ट्र ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आणि हे पाच प्रदेश मिळून सुमारे ४३ लाख ८० हजार. अख्ख्या महाराष्ट्रातली माणसं उचलून चौदा महाराष्ट्रांएवढ्या जमिनीवर पसरली तर जे होईल, ते चीनचे स्वायत्त प्रदेश. चीनच्या ९६ लाख चौरस किलोमीटरपैकी ४५ टक्क्यांहून थोडी जास्त जमीन यांच्याकडे आहे आणि १४१ कोटींपैकी आठ टक्के लोकसुद्धा नाहीत. वर्गात हे सांगितल्यावर मुलं वहीत लिहायचं थांबतात आणि भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला लागतात.

हे असं का, याचं उत्तर एका रेषेत आहे. हू हुआनयोंग या चिनी भूगोलतज्ज्ञाने १९३५ मध्ये चीनच्या नकाशावर ईशान्येकडच्या आयहुइपासून नैऋत्येकडच्या तेंगचोंगपर्यंत एक तिरकी रेषा ओढली. रेषेच्या पूर्वेला पाऊस, भातखाचरं, सपाट नदीखोरी आणि दाट वस्ती. पश्चिमेला वाळवंट, गवताळ माळ, पठार आणि विरळ वस्ती. आजच्या चीनची निम्म्याहून अधिक जमीन रेषेच्या पश्चिमेला आहे आणि लोक मात्र तिकडे सहा टक्क्यांच्या आसपास. शिनजियांग आणि तिबेट हे पूर्ण पश्चिमेला येतात, इनर मंगोलियाचाही बराच मोठा भाग तिकडेच. ग्वांग्शी मात्र पूर्ण पूर्वेला, पावसाच्या आणि भाताच्या मुलखात. पाचांमध्ये ग्वांग्शी वेगळं का वागतं, याची निम्मी उकल इथेच होते.

तेव्हा तक्ता बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर चीनची ढोबळ आकृती काढा. ती सुबक नसली तरी चालेल. वायव्येच्या कोपऱ्यात मोठा तुकडा म्हणजे शिनजियांग, राजधानी उरुम्ची. त्याच्या खाली, आपल्या हिमालयाच्या पलीकडे तिबेट, राजधानी ल्हासा. वरच्या बाजूला, मंगोलिया देशाच्या पोटाखाली पूर्व-पश्चिम ताणलेली पट्टी म्हणजे इनर मंगोलिया, राजधानी होहोत. त्या पट्टीच्या खाली, पीत नदीच्या वळणापाशी एक छोटा तुकडा म्हणजे निंग्शिया, राजधानी यिनचुआन. आणि दक्षिणेला व्हिएतनामला टेकून समुद्रापर्यंत गेलेलं ग्वांग्शी, राजधानी नानिंग. पाचांपैकी समुद्रकिनारा फक्त ग्वांग्शीला आहे. हा नकाशा तीन दिवस, रोज एकदा, पुस्तक न बघता काढा. आकडे त्यानंतर.

आकड्यांकडे वळताना मी मुलांना प्रत्येक प्रदेशाला दोन प्रश्न विचारायला लावतो. पहिला: ज्या लोकांचं नाव प्रदेशाला आहे, ते तिथल्या लोकसंख्येत शेकडा किती? दुसरा: चीनमधल्या त्या लोकांपैकी शेकडा किती या प्रदेशात राहतात? दोन्ही प्रश्न ऐकायला सारखे वाटतात, पण उत्तरं कमालीची वेगळी निघतात. तुमच्या तिबेट आणि ग्वांग्शीच्या शंकांचं मूळ या दोन प्रश्नांची सरमिसळ होण्यात आहे.

शिनजियांगपासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यांत मोठं. क्षेत्रफळ सुमारे १६ लाख ६५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे चीनचा सहावा हिस्सा आणि आपल्या भारताच्या निम्म्याएवढं. लोकसंख्या २ कोटी ५८ लाख. मधोमध तियानशान पर्वत आडवा पसरला आहे. त्याच्या उत्तरेला झुंगारियाचं खोरं, दक्षिणेला तारीमचं. तारीमच्या खोऱ्यात तक्लामकान वाळवंट आहे आणि ते एकटंच महाराष्ट्राहून मोठं भरतं. घनतेचा सरासरी आकडा काढला तर चौरस किलोमीटरला पंधरा-सोळा माणसं येतात, पण या सरासरीला फसू नका. राहण्याजोगी जमीन एकूण जमिनीच्या जेमतेम दहावा हिस्सा आहे. माणसं राहतात ती पर्वतातून वितळून येणाऱ्या पाण्याच्या काठाने, काशगर, होतान, आक्सू, तुर्फान अशा मरूद्यानांच्या माळेत. तिथल्या गावांत दाट वस्ती आणि दोन गावांच्या मधे शेकडो किलोमीटर काहीच नाही. तुर्फानच्या खोलगट भागात समुद्रसपाटीपेक्षा दीडशे मीटर खाली असलेलं आयदिंग सरोवर आहे. तिथे डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शेतात आणतात, त्याला करेझ म्हणतात. मलिक अंबरने औरंगाबादला आणलेली नहर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना करेझ समजायला दोन मिनिटं पुरतात. उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून ते जमिनीखालून न्यायचं, हा विचार दोन्हीकडे एकच.

आता दोन प्रश्न. शिनजियांगचं पूर्ण नाव शिनजियांग उइगुर स्वायत्त प्रदेश. तिथे उइगुर ४५ टक्के, हान चिनी (म्हणजे चीनमधला बहुसंख्य समाज) ४२ टक्के, बाकी कझाक, हुई, किर्गिझ, मंगोल वगैरे. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर निम्म्याच्या आत. दुसऱ्याचं उत्तर मात्र जवळजवळ ९९ टक्के, कारण चीनमधले उइगुर शिनजियांगबाहेर फारसे नाहीतच. त्यातही दक्षिणेला काशगर-होतानकडे उइगुर बहुसंख्य आणि उत्तरेला उरुम्ची, शिहेझी या पट्ट्यात हान जास्त. १९५३ च्या जनगणनेत इथे उइगुर सुमारे तीन-चतुर्थांश होते आणि हान दहा टक्क्यांहूनही कमी. १९५४ मध्ये उभ्या राहिलेल्या उत्पादन आणि बांधकाम दलाने मोठ्या प्रमाणावर माणसं आणून जमीन लागवडीखाली आणली, पुढे तेल, कापूस आणि रेल्वेच्या कामांनी आणखी माणसं आली. चौऱ्याहत्तर टक्के ते पंचेचाळीस टक्के हा प्रवास फक्त जन्म-मृत्यूच्या हिशेबाने होत नसतो, हे लोकसंख्येचा कुठलाही आकडा वाचताना लक्षात ठेवा.

शिनजियांगच्या सीमेला आठ देश लागतात: मंगोलिया, रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमार्गे पाकिस्तान, आणि भारत. इथे आपल्या विद्यार्थ्यांनी विशेष काळजी घ्यायची. अक्साई चीन हा भारताच्या लडाखचा भाग. सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरचा हा प्रदेश चीनच्या ताब्यात आहे आणि चीन तो मुख्यतः शिनजियांगच्या होतान विभागात दाखवतो. शिनजियांगहून तिबेटला जाणारा रस्ता १९५७ मध्ये इथूनच काढला गेला आणि तिथून वाद चिघळत गेला. म्हणून उत्तरपत्रिकेत शिनजियांगचं क्षेत्रफळ लिहिताना 'चीनच्या आकडेवारीनुसार' हे शब्द जोडा आणि नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सीमेप्रमाणेच काढा. परदेशी संकेतस्थळावरचा नकाशा तसाच उतरवून काढणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचा बाकीचा अभ्यास चांगला असूनही नुकसान होतं.

आता तिबेट. नकाशावर 'तिबेट' हा एकच शब्द असतो, पण त्याचे अर्थ दोन आहेत. तिबेटी लोक ज्याला आपला देश समजतात, त्याचे परंपरेने तीन भाग: ल्हासा-शिगात्सेकडचा ऊ-त्सांग, पूर्वेचा खाम आणि ईशान्येचा आम्दो. चीनने सप्टेंबर १९६५ मध्ये स्थापन केलेल्या तिबेट स्वायत्त प्रदेशात ऊ-त्सांग आणि खामचा पश्चिम भाग येतो. खामचा पूर्व भाग सिचुआन आणि युन्नान प्रांतांत गेला, आणि आम्दो मुख्यतः छिंगहाय आणि गान्सूमध्ये. चौदावे दलाई लामा जन्मले ते ताक्त्सेर गाव आम्दोतलं. म्हणजे आजच्या नकाशात ते छिंगहाय प्रांतात येतं, तिबेट स्वायत्त प्रदेशात नाही.

सुरुवातीची काही वर्षं मीही हा फरक नीट सांगत नव्हतो. तो मनात पक्का बसला एका हिवाळ्यात. आमच्या गावात दरवर्षी स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी मंडळींपैकी एका वयस्कर बाईंना मी सहज विचारलं, "तुमचं मूळ गाव ल्हासाच्या कुठल्या बाजूला?" त्या म्हणाल्या, "ल्हासा फार दूर. आम्ही खामचे, लिथांगकडचे." घरी येऊन नकाशा उघडला तर लिथांग सिचुआन प्रांतात. त्या दिवसापासून मी तिबेटचे दोन नकाशे शेजारी शेजारी काढतो. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. त्या बाजूला राहत असाल तर तिथल्या एखाद्या आजीला मूळ गाव विचारा. पुस्तकातली ओळ विसराल, तिने सांगितलेलं नाही विसरणार.

तिबेट स्वायत्त प्रदेशाचं क्षेत्रफळ सुमारे १२ लाख २८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास चार महाराष्ट्र. लोकसंख्या ३६ लाख ४८ हजार. आपल्या एकट्या नागपूर जिल्ह्यात २०११ साली ४६ लाखांवर माणसं होती, त्याहून ही कमी. घनता चौरस किलोमीटरला तीन. ल्हासाची उंची ३,६५० मीटर आणि शहर त्या मानाने खोलगटात वसलेलं. उत्तरेचं चांगथांग पठार याहून बरंच उंच आणि जवळजवळ निर्मनुष्य. माणसं आहेत ती दक्षिणेला यारलुंग त्सांगपोच्या खोऱ्यात, जिथे सातूचं पीक येतं. हीच नदी पुढे अरुणाचलात सियांग आणि आसामात ब्रह्मपुत्रा होते. सिंधू आणि सतलजचा उगमही याच प्रदेशात, कैलास-मानसरोवराच्या परिसरात. २००६ मध्ये छिंगहाय-तिबेट रेल्वे ल्हासापर्यंत आली. तांगुला खिंडीत ती ५,०७२ मीटर उंचीवरून जाते.

दोन प्रश्न विचारू. या प्रदेशात तिबेटी ८६ टक्के. पाचही प्रदेशांत नावातले लोक निम्म्याहून जास्त असलेला हा एकमेव प्रदेश. आता दुसरा प्रश्न: चीनमध्ये एकूण तिबेटी ७० लाखांच्या थोडे वर, त्यांतले या प्रदेशात ३१ लाख, म्हणजे ४४ टक्के. निम्म्याहून जास्त तिबेटी लोक 'तिबेट' नावाच्या प्रदेशाबाहेर राहतात. छिंगहाय आणि सिचुआनमध्ये प्रत्येकी १५ लाखांच्या आसपास. परीक्षेत 'तिबेटी लोकसंख्या' आणि 'तिबेटची लोकसंख्या' असे दोन शब्दप्रयोग आले की जरा थांबून वाचा. आणखी एक, गेल्या काही वर्षांत चीन सरकार इंग्रजी मजकुरातही तिबेटऐवजी 'शिझांग' हे चिनी नाव वापरू लागलं आहे. बातमीत ते नाव दिसलं तर गोंधळू नका.

ग्वांग्शीच्या शंकेचं उत्तर आता सोपं जाईल. क्षेत्रफळ २ लाख ३७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन-चतुर्थांशाच्या जवळ. लोकसंख्या ५ कोटी १ लाख, पाचांत सर्वाधिक. पाच प्रदेशांची एकूण लोकसंख्या शंभर धरली तर पंचेचाळीस माणसं एकट्या ग्वांग्शीत. कारण वर सांगितलं तेच: मोसमी पाऊस, भात, ऊस, नद्या आणि किनारा. गुइलिनजवळचे ली नदीकाठचे चुनखडीचे सुळके तुम्ही चित्रांत पाहिले असतील, ते इथलेच. पाण्याने चुनखडी विरघळून असं भूरूप तयार होतं, त्याला कार्स्ट म्हणतात.

झुआंग हे चीनच्या ५५ अल्पसंख्य समाजांत सगळ्यांत मोठे, सुमारे १ कोटी ९५ लाख. त्यांची भाषा थाई भाषेच्या कुळातली. त्यांपैकी ८० टक्के ग्वांग्शीत राहतात, पण ग्वांग्शीच्या लोकसंख्येत ते ३१ टक्के, आणि बहुसंख्य हान. मग नाव त्यांचं का? झुआंग मुख्यतः पश्चिम ग्वांग्शीत, बाइसे, हेची, चोंगझुओ या बाजूला राहतात, आणि पूर्वेकडे, म्हणजे वुझोउ-युलिनच्या बाजूला हान. १९५२ मध्ये आधी फक्त पश्चिम भागाचाच झुआंग स्वायत्त विभाग केला होता. पण डोंगराळ गरीब पश्चिम आणि सुपीक पूर्व वेगळे ठेवले तर पश्चिमेचं चालायचं कसं, हा प्रश्न होता. अखेर मार्च १९५८ मध्ये अख्खा प्रांतच स्वायत्त प्रदेश केला. प्रदेश मोठा झाला आणि त्यातला झुआंगांचा वाटा आपोआप घटला. सीमा कुठे ओढली त्यावर टक्केवारी ठरते, हे यातून शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे जिल्ह्यांचं विभाजन झालं की नव्या-जुन्या जिल्ह्यांची साक्षरता आणि आदिवासींचं प्रमाण बदलतं, तो अनुभव आठवा.

इनर मंगोलिया सगळ्यांत जुना, १ मे १९४७ चा, म्हणजे साम्यवादी चीनच्या स्थापनेच्याही दोन वर्षं आधीचा. क्षेत्रफळ ११ लाख ८३ हजार चौरस किलोमीटर, पूर्व-पश्चिम लांबी २,४०० किलोमीटर. एवढी लांब पट्टी असल्यामुळे एका टोकाला हुलुनबुइरचं हिरवं गवत आणि खिंगान पर्वताची जंगलं, तर दुसऱ्या टोकाला आल्शाचं वाळवंट. लोकसंख्या २ कोटी ४० लाख आणि ती २०१० च्या तुलनेत कमी झाली आहे. पाचांत घट झालेला हा एकच. मंगोल इथे फक्त १८ टक्के, हान ७९ टक्के. पण दुसरा प्रश्न विचारा: चीनमधल्या मंगोलांपैकी सुमारे ६७ टक्के इथे राहतात, आणि त्यांची ४२ लाखांची संख्या शेजारच्या स्वतंत्र मंगोलिया देशाच्या एकूण लोकसंख्येपेक्षाही जास्त आहे. इथे उभी मंगोल लिपी अजून दिसते. स्वतंत्र मंगोलियात रोजच्या वापरात रशियन वळणाची सिरिलिक लिपी आली. बायान ओबो इथल्या दुर्मिळ मृदा खनिजांच्या साठ्यामुळे हा प्रदेश आजकाल चालू घडामोडींतही येतो, ते नाव लिहून ठेवा.

निंग्शियाबद्दल थोडक्यात. २५ ऑक्टोबर १९५८ ची स्थापना, लोकसंख्या ७२ लाख. हुई हे चिनी भाषाच बोलणारे मुस्लीम. इथे ते ३५ टक्के, पण चीनमधल्या सव्वा कोटीच्या आतल्या एकूण हुईंपैकी फक्त २२ टक्के इथले. बाकीचे गान्सू, शिनजियांग, हेनान, युन्नान असे देशभर विखुरलेले. म्हणजे दोन्ही प्रश्नांची उत्तरं लहान असलेला हा एकटा. उत्तरेला हेलान पर्वत आणि पीत नदीच्या कालव्यांवरची शेती, दक्षिणेला शिहायगूचा सततच्या दुष्काळाचा मुलूख.

तुमच्या पुस्तकांतले आकडे जुळत नाहीत ते बहुधा इथेच. निंग्शियाचं क्षेत्रफळ कुठे ६६,४०० चौरस किलोमीटर मिळतं, कुठे ५१,८०० च्या आसपास. दोन्ही आकडे छापील साहित्यात फिरत आहेत. वरची पाचांची बेरीज मी ६६,४०० धरून केली आहे, म्हणजे साधारण आपल्या मराठवाड्याएवढं. कुठलाही घेतला तरी निंग्शियाचा पाचवा क्रमांक बदलत नाही. लोकसंख्येचं म्हणाल तर जुन्या पुस्तकांत २०१० ची जनगणना असते, नव्यांत २०२० ची. शिनजियांग २०१० मध्ये २ कोटी १८ लाख होतं, तिबेट ३० लाख, ग्वांग्शी ४ कोटी ६० लाख. आकड्यापुढे साल लिहायची सवय लावा, निम्मे घोळ तिथेच मिटतील. आणि पूर्वपरीक्षेत क्रम विचारतात, दशांश नाही. क्षेत्रफळाचा क्रम: शिनजियांग, तिबेट, इनर मंगोलिया, ग्वांग्शी, निंग्शिया. लोकसंख्येचा क्रम: ग्वांग्शी, शिनजियांग, इनर मंगोलिया, निंग्शिया, तिबेट.

मध्येच एकदा उजळणी करून घेऊ, पहिला आकडा प्रदेशातल्या वाट्याचा, दुसरा त्या समाजापैकी तिथे राहणाऱ्यांचा. तिबेट ८६ आणि ४४. शिनजियांग ४५ आणि ९९. निंग्शिया ३५ आणि २२. ग्वांग्शी ३१ आणि ८०. इनर मंगोलिया १८ आणि ६७. या पाच जोड्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. माझे विद्यार्थी चार-पाच वर्षांनी भेटले तरी यांतल्या तीन-चार जोड्या त्यांना आठवतात.

'स्वायत्त' शब्दाबद्दल. आपण भारतीय वाचक हा शब्द वाचला की राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीतल्या स्वायत्त जिल्हा परिषदा किंवा थेट राज्यं डोळ्यांसमोर आणतो. चीन संघराज्य नाही, ती एकात्म राज्यव्यवस्था आहे. तिथला स्वायत्त प्रदेश प्रांताच्याच दर्जाचा. १९८२ ची राज्यघटना आणि १९८४ चा प्रादेशिक स्वायत्तता कायदा यांनुसार प्रदेशाचा शासनप्रमुख नावातल्या समाजाचाच असावा लागतो, स्थानिक भाषा वापरण्याची तरतूद आहे, प्रदेशाला स्वतःचे नियम करता येतात. पण ते नियम बीजिंगमधल्या राष्ट्रीय लोक काँग्रेसच्या स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय लागू होत नाहीत. आणि खरी सत्ता कम्युनिस्ट पक्षाच्या प्रादेशिक सचिवाकडे असते. त्या पदाला समाजाची अट नाही आणि तिथे बहुतेक वेळा हान व्यक्तीच असते.

हे मी कोरड्या तपशिलासारखं सांगून सोडत नाही, कारण त्यामागे माणसं आहेत. २०२० मध्ये इनर मंगोलियात काही विषय मंगोल भाषेऐवजी चिनी भाषेतून शिकवायचं ठरलं तेव्हा पालकांनी मुलांना शाळेतून काढून घेतलं होतं. शिनजियांगमध्ये २०१७ पासून लाखो उइगुर आणि इतर मुस्लिमांना छावण्यांत ठेवल्याचे आरोप झाले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२ च्या अहवालात तिथल्या वागणुकीला मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हणता येऊ शकेल असं नोंदवलं. चीन सरकार हे फेटाळतं आणि त्या जागांना व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं म्हणतं. मुख्य परीक्षेच्या उत्तरात स्वायत्ततेची कायदेशीर तरतूद आणि तिचा प्रत्यक्ष व्यवहार हे दोन्ही लिहा. एकच बाजू लिहिलेलं उत्तर मी अपुरं समजतो.

राहिलं हाँगकाँग. ते आणि मकाव हे विशेष प्रशासकीय प्रदेश आहेत, अनुक्रमे १९९७ आणि १९९९ पासून. त्यांची तरतूद घटनेत निराळी, कारण निराळं, आणि अल्पसंख्य समाजाशी त्यांचा संबंध नाही. पाचांच्या यादीत ते येत नाहीत. यादीत चुकून घुसणारे आणखी दोन म्हणजे युन्नान आणि छिंगहाय. दोन्ही साधे प्रांत आहेत. पण त्यांच्या पोटात खालच्या दर्जाचे स्वायत्त विभाग आहेत. देशभरात असे विभाग ३०, आणि त्याखालचे स्वायत्त तालुके (आपल्या सोयीसाठी मी तालुका म्हणतो) १२०. शिनजियांगच्या आत तर कझाकांचा इली विभाग आहे, मंगोलांचा बायिनगोलिन आहे, म्हणजे उइगुरांच्या नावाच्या प्रदेशात दुसऱ्या समाजांच्या नावाचे विभाग.

तुमच्यासाठी सराव म्हणून छिंगहायच घ्या. तो प्रांत आहे, सव्वासात लाख चौरस किलोमीटरचा, साठ लाखांच्या आतल्या लोकसंख्येचा, आणि त्याच्या आठ उपविभागांपैकी सहा स्वायत्त, पाच तिबेटी आणि एक मंगोल-तिबेटी. वरचे दोन प्रश्न त्यालाही लावून पाहा, आणि खाम-आम्दोच्या नकाशावर तो कुठे बसतो ते रंगवा. कुठे अडलं तर नकाशाचा फोटो जोडून विचारा, मी बघून सांगेन.